ताऱ्याचं जुनं माप

अख्ख्या बंगळुरात ताऱ्याचं माप घेतलेला शिंपी मी एकटाच. तारा कुठला म्हणून विचाराल, तर तो मी अजून बघितलेला नाही; जेवण झालं की मला झोप येते.

आमचं घराणं शिंप्याचं. मराठी फौज इकडं आली तेव्हा तिच्या मागनं तंबू शिवायला आमचे पूर्वज आले. फौज परत गेली, आमचे लोक फाटके तंबू गुंडाळत बसले ते तीनशे वर्षं इथंच. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि शाळेत मी गप्प. दुसरीत दोन वर्षं काढली, त्यामुळं दुसरी माझी पक्की आहे. पुढचं कुणी विचारू नये.

चिकपेटेत आमच्या अण्णाचं, म्हणजे थोरल्या भावाचं, दुकान होतं. अण्णा कापायचा, मी शिवायचो. एकदाच मला कातरी दिली होती. एका वकिलाची पँट कापली, तर वकील कोर्टात उभा राहिला की समोरच्या पार्टीकडं झुकल्यासारखा दिसायला लागला. तेव्हापासून माझ्याकडं फक्त काजं-बटणं. काज मात्र असं करायचो की टाक्याला टाका ओळखायचा. देवानं एवढी एकच गोष्ट दिली, आणि तीही असल्या भोकासाठी.

रशियानं आकाशात कुत्रं पाठवलं त्या दिवसांतली गोष्ट. एक उंच, भरल्या अंगाचा, बंद गळ्याचा कोट घातलेला माणूस आमच्या दुकानावरनं पुढं गेला. दोन पावलं गेला असेल. थांबला. मागं फिरला. पण दुकानात आलाच नाही! दुकान ओलांडून पार कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत गेला, तिथनं वळला, आणि परत चालत येऊन बरोबर आमच्या उंबऱ्यासमोर उभा राहिला.

"हुच्चा," अण्णा हळूच म्हणाला. हुच्चा म्हणजे वेडा. गिऱ्हाईक आत यायच्या आधी अण्णा त्याचं एवढं माप घेऊन ठेवायचाच.

हेच आमचे सर. जवळच्या एका मोठ्या सायन्सच्या संस्थेत होते. मूळचे धारवाडचे, त्यामुळं कन्नड आणि मराठी दोन्ही सारखंच फटकळ. लोक खिशाला पेन लावतात, सर थर्मामीटर लावायचे. त्यांनी टांगलेला एक कोट हातात घेतला, भिंग काढलं, आणि काजं बघायला लागले. मग कोट उलटा करून तीच काजं परत बघितली.

"हे कुणी केलं?"

अण्णाला वाटलं तक्रार आहे. त्यानं लगेच माझ्याकडं बोट दाखवलं. भावाची माया अशाच वेळी दिसते.

"टाके मोजून घालता?" सरांनी मला विचारलं.

"नाही सर. हात जातो तसा."

"सगळ्या काजांत टाके तेवढेच आहेत. शाळा किती?"

"दुसरी."

"नंतर काही वाचन?"

"भिंतीवरचं कॅलेंडर आहे. त्यातलं चित्र बघतो."

"तारे, ग्रह, आकाश, यातलं काही कळतं?"

"इल्ला सर, काहीच नाही. शनिवारी मारुतीला तेल घालतो, तेवढाच शनीचा आणि माझा संबंध."

सरांचा चेहरा असा उजळला की मी मागं वळून बघितलं, दुसरं कोण आलं म्हणून. "फारच छान," ते म्हणाले. "असा माणूस मी चार वर्षं शोधतोय. सोमवारपासून कामाला या, मास्तर."

आमच्याकडं शिंप्याला मास्तर म्हणतात, तसं म्हणाले. पण संस्थेत सगळे पीएच.डी.वाले आणि मास्तर मी एकटाच, हे काही जणांना फार लागलं. अण्णानं सरांच्या कोटाचं माप दुकानाच्या वहीत उतरवून घेतलं, आणि मला परवानगी इतक्या घाईनं दिली की माझा डबा दुकानातच राहिला.

सरांची खोली तळघरात. तळघर अशासाठी की तिथं ऊन लागत नाही; गरमीनं यंत्राचं माप फुगतं. खोलीत एक मोजायचं यंत्र, एक टेबल, आणि भिंतीवर थर्मामीटर. सरांना माणसं नावानं लक्षात राहायची नाहीत. कोण आत आलं की खोली किती तापते, ते लक्षात राहायचं. "काल तो सव्वा डिग्री आला होता," असं म्हणायचे. डायरेक्टरसाहेब आले की सर त्यांना दारातच थांबवायचे. "आपण पाऊण डिग्री आहात साहेब. तिथूनच बोला."

एकदा मी विचारलं, "सर, मी किती डिग्रीचा?"

"तुम्ही बसलात की पारा जागचा हलत नाही."

मला वाटलं शाबासकी. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मड्यानं पण पारा हलत नाही."

काम सांगतो. सांगायला सोपं आहे, मला समजायला दोन वर्षं लागली. डोंगरावर एक दुर्बीण होती. तिथले लोक ताऱ्याचा उजेड फाकवून त्याचा फोटो काचेवर घ्यायचे. बोटाएवढी काच. ती कापसात गुंडाळून जेवणाच्या डब्यात घालून रेल्वेनं आमच्याकडं यायची. काचेवर मधोमध एक धुरकट पट्टा, त्यात केसासारख्या बारीक रेघा. तो तारा. त्याच्या वर आणि खाली आणखी रेघा. त्या लोखंडाच्या. दुर्बिणीशेजारीच लोखंड तापवून, त्याचा उजेडही त्याच काचेवर घेतलेला असायचा. लोखंड कुठं पळून जात नाही, म्हणून ते आपलं टेप. तारा पळतो. तो आपल्याकडं येत असला की त्याच्या रेघा टेपवर एकीकडं सरकतात, लांब जात असला की दुसरीकडं. किती सरकतात? केसाचे शंभर भाग करा, त्यातला एखादा. यंत्राच्या भिंगात कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा ताणलेला होता. तो रेघेच्या बरोबर मधोमध आणायचा आणि चाकावरचा आकडा लिहायचा. चाळीस रेघा. प्रत्येक रेघ पाच वेळा. मग काच उलटी फिरवून सगळं परत. एका बाजूनं हात चुकत असला तर दुसऱ्या बाजूनं ती चूक फिटावी म्हणून.

पण हे सरकणं-बिरकणं मला तेव्हा कुणी सांगितलंच नाही. सरांनी पहिल्या दिवशी दोनच वाक्यं सांगितली. "रेघेवर धागा ठेवा, आकडा लिहा. रेघेवर नेहमी डावीकडनं या."

यंत्राच्या स्क्रूला जराशी ढील असते, शिलाई मशीनच्या चाकाला असते तशी. धागा रेघेच्या एक केस पुढं गेला तर तिथनं मागं घ्यायचा नाही. पार मागं जायचं आणि पुन्हा डावीकडनं यायचं. तेव्हा मला ती फुलवाली आठवली. सर आयुष्यात पण असेच यायचे! मल्लेश्वरमला त्यांचं घर. फाटकाच्या अर्धं पाऊल पुढं गेले तर गल्लीच्या तोंडाशी दिव्याच्या खांबापर्यंत परत, आणि तिथनं नव्यानं. गल्लीतल्या बायका सांडगे राखत बसायच्या त्या सांडगे सोडून हे बघायच्या.

आणि उलटी काच पण तशीच. कॉफी दोन लोट्यांत अर्धी-अर्धी घ्यायचे, एक डाव्या हातानं, एक उजव्या, मग कॉफी कशी होती ते सांगायचे. मला सकाळी विचारायचे, "जेवलात?" मी हो म्हणायचो. अर्ध्या तासानं विचारायचे, "उपाशी आहात?" मी घाबरून त्यालाही हो म्हणायचो. "म्हणजे अर्धं जेवलात," असं म्हणून वहीकडं वळायचे. तरुणपणी मुलगी बघायला गेले होते म्हणे. एकदा डावीकडनं बघितली, म्हणाले, आता उजवीकडनं दाखवा. मुलगीही धारवाडची. ती म्हणाली, "मी पण यांना दोन्हीकडनं बघितलं. सरासरी नको आहे." तेव्हापासून सर एकटेच.

संस्थेत त्यांचे एक शत्रू होते. आम्ही त्यांना नुसतं डॉक्टर म्हणायचो. गोरे, गुबगुबीत, सव्वा डिग्रीचे. बोलायला लागले की दीड. त्यांना आमचं तळघर पाहिजे होतं, रॉकेटच्या कसल्या तरी यंत्रासाठी. रोज दारातनं डोकावून विचारायचे, "काय मास्तर, ताऱ्याची ट्रायल कधी?"

मी एकदा सरांना विचारलं, "सर, एवढे शिकलेले लोक आहेत इथं. मग मोजायला मी कशाला?"

सर म्हणाले, "शिकलेला माणूस रेघ बघत नाही, उत्तर बघतो. त्याला जे उत्तर पाहिजे तिकडं त्याचा हात सरकतो. केसाच्या शंभराव्या हिश्शानं सरकतो. माझा ताराही तेवढाच सरकतो. तुम्हाला काय उत्तर पाहिजे ते तुम्हाला माहीतच नाही."

"सरी सर," म्हणजे बरं सर, मी म्हणालो. एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

आता माझी अक्कल बघा. सर माझ्या आकड्यांना कधी बरं म्हणायचे नाहीत, वाईट म्हणायचे नाहीत. मला काही कळू नये म्हणून. पण शिंप्याला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायची सवय. गिऱ्हाईक आरशासमोर गप्प उभं राहिलं की आम्ही त्याच्या भुवया बघतो. मी सरांचं तोंड बघायला लागलो. तोंड दगड. पण कान! एका रेघेचे पाचही आकडे जवळजवळ आले की सर डाव्या कानाची पाळी चोळायचे. आकडे फाकले की हात खाली. झालं, मला माझा आरसा मिळाला. सारखं आलं की बरं, वेगळं आलं की वाईट.

त्यात आमच्या आजोबांची शिकवण. आजोबांना आकडे येत नव्हते. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक कागदाची पट्टी ठेवायचे, तिला कातरीच्या खुणा. छाती इथं, कंबर इथं, बाही इथं. खूण एकदा पडली की पडली. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक कमरेत जास्त भरलं तर आजोबा टेपवर विश्वास ठेवायचे नाहीत. "जेवून आलंय," म्हणायचे. "पट्टी बघ." सदरा दाटला म्हणून कुणी भांडायला आला तर त्यालाच ओरडायचे, "माप बरोबर आहे, तुम्ही चुकलाय."

माझ्याजवळ पट्टी नव्हती, मापांची वही होती. कमरेला खोचलेली. सर त्यांची वही संध्याकाळी कुलपात ठेवायचे, पण मी आपल्या वहीतही आकडे उतरवून ठेवायचो. लाल कोटवाल्या बँडमास्तरांच्या पानानंतर एक पान केलं होतं. वर लिहिलं होतं, 'तारा. सरांचं गिऱ्हाईक.'

पहिले दोन महिने मी देवाशपथ खरं मोजलं. मग तोच तारा पुन्हा आला. काच ठेवली, लोखंडाची पहिली रेघ शून्यावर लावली, मोजलं, तर ताऱ्याच्या रेघा वहीपेक्षा जराशा बाजूला. लोखंड जागच्या जागी, ताराच तेवढा सरकलेला. पुढच्या महिन्यात आणखी स्वल्प बाजूला. हात बिघडला म्हटलं. आता सर ओळखणार, आणि आपण परत चिकपेटेत, अण्णाच्या शिव्या खात काजं करत. तीन दिवस घास गिळला नाही.

चौथ्या दिवशी आजोबा आठवले. जेवून आलंय. पट्टी बघ.

मग काय, रेघेजवळ आलो की वहीत डोकवायचो आणि धागा हळूच वहीतल्या आकड्यावर नेऊन ठेवायचो. डावीकडनंच हां, नियम मोडला नाही. मला ते खोटं वाटलंच नाही. दुरुस्ती वाटली. पाचही आकडे असे जुळायला लागले की सरांचा हात कानावरनं खाली येईना. पाळी लाल झाली. मी घरी छाती काढून चालायला लागलो. बायको म्हणाली, "काय झालंय? खांद्यात लचक भरलीय का?"

असं दीड वर्ष चाललं.

मग एक दिवस सर तळघरात उजवीकडनं आले. खांब नाही, वळणं नाही, सरळ दारातनं आत! मी उभाच राहिलो. हातात मैसूरपाकाचा पुडा. माझ्या दोन्ही हातांत एकेक तुकडा ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, सोबती सापडला."

तेव्हा मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. सरांचं म्हणणं, हा तारा एकटा नाही. त्याच्याबरोबर दुसरा एक आहे, अंधारा, न दिसणारा. दोघी मुली फुगडी घालतात, त्यातली एक काळं लुगडं नेसून अंधारात असली तर आपल्याला काय दिसतं? दुसरीच एकटी झोके घेताना दिसते. तसे या ताऱ्याचे झोके मोजून सरांना न दिसणारी मुलगी सिद्ध करायची होती. डॉक्टर म्हणायचे, असलं काही नाही, म्हाताऱ्याचा भ्रम आहे. सरांच्या रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं. युगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, सोबती निघाला नाही तर तळघर डॉक्टरांचं, आणि सगळ्या काचा माळ्यावर. आता माझ्या आकड्यांवरनं सरांनी हिशेब केला तर तारा झक्क झोके घेत होता. शनिवारी सगळ्या संस्थेपुढं सर बोलणार होते. डायरेक्टर येणार. डॉक्टर पण येणार. डॉक्टरांनी सरांचा हात हातात घेतला होता म्हणे, आणि काही बोललेच नव्हते. सर म्हणाले, "त्या दिवशी ते पाऊणच डिग्री होते."

मी मैसूरपाक घरी नेला. म्हटलं, हा माझ्या हातानं सापडलेल्या ताऱ्याचा. बायकोनं खाल्ला. म्हणाली, तूप कमी आहे.

गुरुवारी सर आले ते गल्लीच्या खांबापर्यंत चार वेळा जाऊन आल्यासारखे. घामानं भिजलेले. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, या ताऱ्याला आपलं पंचांग कुणी दिलं?"

"म्हणजे सर?"

"हा चैत्रात इकडं झोका घेतो, आश्विनात तिकडं. परत चैत्रात इकडं. बरोबर एक वर्ष. ना एक दिवस कमी, ना एक दिवस जास्त. आकाशातलं गिऱ्हाईक आपला युगादी-दसरा कशाला पाळतंय?"

मी म्हणालो, "चांगल्या घरातला असेल सर."

सर हसले नाहीत. उठून कपाटातनं एक काच काढली, यंत्रावर ठेवली. "मोजा."

मी मोजली. रेघा ओळखीच्याच. पण सगळा पट्टा बराच बाजूला पडला होता. मी मनात म्हटलं, आज गिऱ्हाईक लग्नात जेवून आलंय. पोटाशी धरलेल्या वहीत डोकावलो आणि नीट दुरुस्ती करत करत चाळीस रेघा लिहून दिल्या. सर माझ्या मागं उभे. मी कानाकडं बघितलं. हात खाली.

त्यांनी हिशेबाचं यंत्र फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाले, "मास्तर, हा चंद्र आहे."

"चंद्र?"

"चंद्राचा उजेड सूर्याचाच. आणि माझा ताराही सूर्याच्याच जातीचा, म्हणून रेघा त्याच. पण तुमच्या मापानं हा चंद्र आत्ता सेकंदाला दहा-बारा मैल पळतोय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आपल्याला सोडून जाईल."

सरांनी हात पुढं केला. वही कमरेची माझ्या, मला न विचारता ती त्यांच्या हातात गेली. बँडमास्तर, लाल कोट. पुढचं पान. 'तारा. सरांचं गिऱ्हाईक.' खाली आकडे. त्याच्याखाली मी लिहिलं होतं, 'दुसऱ्यांदा जरा सुटलेला वाटतो. जुन्या मापानंच घ्यावे.'

सरांनी ते पान सरळ वाचलं. मग वही उलटी धरून पण वाचलं.

"मास्तर," ते अगदी हळू म्हणाले, "पृथ्वी सूर्याभोवती फिरते. सहा महिने आपण त्या ताऱ्याकडं जातो, सहा महिने त्याच्यापासून लांब. म्हणून त्याच्या रेघा वर्षभर सरकायलाच पाहिजेत. ते सरकणं मी दर वेळी हिशेबातनं वजा करतो. पण तुम्ही ते आधीच खाल्लंत. मी दीड वर्ष जे नव्हतंच ते वजा करत होतो, आणि त्यालाच सोबती म्हणत होतो. दीड वर्ष पृथ्वी जागची हलली नाही, मास्तर. तुम्ही ती हलू दिली नाहीत."

मी चाकावरचा हात काढून घेतला. तेवढ्यात पण मनात आलं, हे अण्णाला सांगायला पाहिजे. मग सरांच्या कानाचं पण तिथंच सगळं कबूल केलं.

शनिवारी सर बोलायला उभे राहिले. मी मागं दारापाशी, पाणी देणाऱ्यांच्यात. सरांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "सोबती नाही. झोके आमच्या तळघरातले आहेत." सगळी खोली हसली. डॉक्टर उठले, दीड डिग्रीनं. "मी आधीच म्हणत होतो. शिंप्याला बसवलं की तो शिवूनच देणार!" पुन्हा हशा. मला वाटलं, आता सर माझ्याकडं बोट दाखवणार. अण्णानं दाखवलं असतं. मी दाखवलं असतं.

सर म्हणाले, "त्याला उत्तर माहीत नव्हतं. ते त्यानं माझ्या कानावरनं ओळखलं. कान माझा आहे." आणि खाली बसले.

सोमवारी मी राजीनामा द्यायला गेलो. मला तो लिहिता येत नव्हता म्हणून तोंडीच आणला होता. सर म्हणाले, "कुठं निघालात? सगळ्या काचा पहिल्यापासनं मोजायच्यात."

"सर, मीच?"

"डोळे तुमचेच पाहिजेत. अडचण एकच आहे. पृथ्वी फिरते हे आता तुम्हाला कळलंय. तुम्ही शिकलात. विसरता येईल?"

"सर, दुसरीतलं सगळं दोनदा विसरलोय. पृथ्वीचं काय घेऊन बसलात?"

वही जप्त झाली. काचांवर तारीख नाही, नाव नाही, मधेच कुठं तरी चंद्र घुसवलेला. आणि सर? भर उन्हाळ्यात डोक्याला मफलर गुंडाळून बसायचे, कान झाकून. घामाच्या धारा लागायच्या, पण कान दाखवायचे नाहीत. डॉक्टर येऊन बघून जायचे आणि वर जाऊन सांगायचे. वरनं हसणं ऐकू यायचं. युगादी गेली. सरांनी डायरेक्टरकडनं पावसाळ्यापर्यंत मुदत आणली, दारातनंच, लांबनं बोलून.

मी मोजलं. ह्या वेळेला खरं. पृथ्वी परत चालायला लागली.

आणि सोबती? नव्हताच. तारा एकटा, सरळ आपल्या वाटेनं चाललेला. झोका नाही, फुगडी नाही. सरांनी ते दोन पानांत लिहून परदेशी पाठवलं, आणि छापून आलं तेव्हा मला दाखवलं. मी म्हटलं, "सर, एवढं करून काहीच नाही निघालं."

"काही नाही, हे फार बारकाईनं निघालंय," सर म्हणाले. "डॉक्टर म्हणाले काही नाही, ते अंदाजानं. आपण म्हणालो काही नाही, ते केसाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत." डाव्या कानाकडं हात गेला, मफलर आहे हे आठवलं, हात खाली आला.

पावसाळ्यात तळघर डॉक्टरांचं झालं. पहिल्याच आठवड्यात तिथं पाणी शिरलं. मला फार वाईट वाटलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. काचा माळ्यावर गेल्या. सर रिटायर झाले आणि मी परत चिकपेटेत.

जाताना सरांना काही तरी द्यायचं मनात होतं. मी अण्णाच्या पाया पडून कातरी मागून घेतली. दहा रात्री नाही, दहा दुपारी बसून बंद गळ्याचा कोट शिवला. काजं अशी केली की स्वतःच बघत बसलो. बायको एकदा म्हणाली, "सरांना बोलावून माप घ्या की." मी म्हटलं, "माप आहे. पहिल्यांदा दुकानात आले तेव्हाच अण्णानं घेतलेलं. दुकानाच्या जुन्या वहीत."

कोट घेऊन मल्लेश्वरमला गेलो. फाटकाच्या एक पाऊल पुढं गेलो, म्हणून खांबापर्यंत जाऊन परत आलो. सर व्हरांड्यातनं बघत होते. बरं वाटलं असावं.

सरांनी कोट घातला. आरशासमोर उभे राहिले. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. खांदे दंडावर उतरले होते. पोटाच्या जागी आणखी एक सर मावले असते. मफलर बांधून घाम गाळलेल्या त्या वर्षात माणूस निम्मा झाला होता, आणि मी रोज त्याच्यापासनं दोन हातांवर बसून चाळीस रेघा मोजत होतो.

सर आरशात सरळ बघत राहिले. मग वळून पाठीमागनं बघितलं. सगळी काजं बोटानं चाचपली. कान आज उघडे होते. मी दोन्ही कानांकडं बघत होतो.

"डोळे तुमचे झकास आहेत, मास्तर," सर म्हणाले. "कधीतरी बघायला वापरा."